सासऱ्याची संमती

आमचे जावई दिलीपराव शेतात वीज पडून गेल्याचा फोन आला, तेव्हा मी चोरखमारा तलावाच्या पाण्यासंबंधी अर्ज लिहीत बसलो होतो. त्याला दीड महिना झाला. गोंदिया जिल्हा नवा झाला तेव्हापासून प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याला मी पत्रे लिहिली. दिलीपरावांविषयी मात्र त्यांच्या हयातीत एकच पत्र लिहिले, आणि ती तक्रार होती.

माझ्या मुलीच्या, सुनंदाच्या, हृदयाची झडप खराब. तिच्या दुसऱ्या मुलीच्या जन्मावेळी ती मरता मरता वाचली. तिसरे बाळंतपण नको आणि तिच्यावर नसबंदीची शस्त्रक्रियाही धोक्याची, असे डॉक्टरांनी बजावले. दिलीपरावांनी माझ्याशी एक शब्दही न बोलता स्वतःची नसबंदी करून घेतली. गावाला विषय मिळाला. “जावयाले लुगडं नेसवा आता!” मी संतापून आरोग्य अधिकाऱ्यांना लिहिले, की कुटुंबातील वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून ही शस्त्रक्रिया झालीच कशी?

दिलीपराव हसले. “मामाजी, याले सासऱ्याची सही लागत नाही.”

“नस पुन्हा जोडता येते का, तेवढे सांगा.”

“जोडली तरी भरवसा नाही म्हणते डॉक्टर. कायमचीच समजा.” मग त्यांचे हसू मावळले. “अन् जोडाची कायले? तुमची पोरगी गेली तं तिले कोण जोडून देईल?”

धानाचे पऱ्हे टाकताना, म्हणजे रोपांसाठी बी पेरताना, बियाण्याची पहिली मूठ जावयाने टाकावी, ही आमच्या घरची रीत. त्या वर्षी मी मजुरांदेखत त्यांच्या हातातली टोपली काढून घेतली. “तुम्ही नको, बापू.” अशा माणसाच्या हातचे बी रुजत नाही, असे लोक म्हणत. मला ते मुळीच पटत नव्हते. मी केवळ लोकांना भ्यालो होतो. पुढेही ते दरवर्षी पेरणीला आले, चिखलात राबले, टोपलीकडे मात्र त्यांनी कधी पाहिले नाही.

परवा पऱ्हे टाकायला सुनंदा आली. अरुंद बांधावरून मी तरातरा पुढे निघून गेलो. वळून पाहिले, तर ती मध्येच थांबलेली, धापा टाकत, एक हात मागे धरून... मागे कोणीच नव्हते.

“ते मांगंच राहत, बाबा,” ती म्हणाली. “मी थांबली का तेबी थांबत.”

मी परत फिरलो, तिला वळसा घालून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, आणि तिची धाप ओसरेपर्यंत तिथेच थांबलो.