गळ्याचं माप

मास्तरांचा एक नियम होता आणि त्या नियमाचा त्यांना भारी ताठा होता. गिऱ्हाइकाच्या अंगाविषयी चकार शब्द काढायचा नाही. कुणाचं पोट सुटलेलं असो, कुणाचा एक खांदा उतरलेला असो, मास्तर निमूटपणे टेप लावत, आकडा मापवहीत टिपत आणि कापड असं काही बेतत की माणूस आरशात सरळ दिसावा. तीस वर्षं शिलाईचं दुकान या एका गुणावर चाललं. गुण कसला, ते पुढे कळलंच.

त्यांचा धाकटा भाऊ बसड्रायव्हर. वर्षातून दोनदा त्याचा गणवेश मास्तरच शिवत, आणि त्या गणवेशाचं गळ्याचं बटण लावायची सक्ती होती. गळा साडेपंधरा, कंबर चौतीस. पाच वर्षं आकडा हलला नव्हता. एका खेपेला मात्र गळा सोळा भरला आणि कंबर बत्तीस. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर टेप अडखळला. बोटाखाली खोडरबरासारखं काहीतरी लागलं, एक मोठं आणि त्याच्या शेजारी एक लहान. धाकट्याला दुखलंबिखलं नाही. तो पंख्याकडे बघत डेपोच्या साहेबांच्या नावाने बोटं मोडत होता.

मास्तरांनी नियम पाळला. बटण अर्धा इंच सरकवलं, कॉलर डावीकडे जराशी उंच घेतली. फुगवटा पार दिसेनासा झाला. इतकी बेमालूम कॉलर त्यांनी जन्मात शिवली नव्हती, आणि सांगायलाही लाज वाटते, त्या दिवशी ते स्वतःवर खूश होते.

मग भावजय शर्ट घेऊन येऊ लागली. घामाने कॉलरी कुजल्या होत्या. रात्री कपडे पिळून काढावे लागतात, अंगाला सारखी खाज सुटते, संध्याकाळी कणकण असते, असं ती सांगायची. मास्तरांनी सगळा दोष कापडावर ढकलला आणि सुती कापड सुचवलं. पँट दोनदा आत घेतली. दुसऱ्यांदा तर त्यांनी धाकट्याची चेष्टाही केली, की ड्रायव्हर आहेस की सिनेमात जायचा विचार आहे? धाकटा हसला. बटण आणखी एकदा सरकलं.

अखेर डेपोच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांचा हात गळ्यावर थांबला आणि धाकट्याला मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. थोरला भाऊ म्हणून मास्तर बरोबर गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. लिम्फोमाची शंका आहे, म्हणाल्या. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, आणि त्याची मुख्य घराणी दोन. हॉजकिन बहुधा गळ्यात नाहीतर छातीत सुरू होतो आणि एका गाठीवरून शेजारच्या गाठीवर असा क्रमाने सरकतो. तो बरा व्हायची शक्यता पुष्कळ. नॉन-हॉजकिनचा गोतावळा मोठा, आणि तो टॉन्सिलपासून पोटापर्यंत कुठेही उगवतो. त्यातले काही प्रकार इतके संथ की गाठी वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहतात. ते सहसा समूळ जात नाहीत, पण माणूस त्यांच्यासकट बरीच वर्षं जगतो. काही इतके आडदांड की आठवड्यांत वाढतात, पण वेळीच जोरदार औषध दिलं तर पुरते बरेही होतात. बहुतेकांची गाठ दुखत नाही, म्हणून माणसं गाफील राहतात. नक्की जात कोणती, ते गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतं. पण ताप, भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत दहावा हिस्सा वजन उतरणं यांची नोंद लागते. आजार किती पसरलाय हे ठरवताना ती धरतात.

"गाठ कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"झाला असेल महिना," धाकटा म्हणाला. "वजनाचं काही नाही." त्याला स्टिअरिंग हातातून जायची भीती होती.

बाई लिहू लागल्या. मास्तरांची कानशिलं तापली. गप्प बसावं तर भावाचा कागदच खोटा होणार, बोलावं तर आपलं पितळ उघडं पडणार. ती एक चेष्टा सोडली तर तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या अंगाविषयी तोंड उघडलं.

"महिना नाही, बाई. आठ महिने. मी शिंपी आहे, याचं माप मीच घेतो. गाठ माझ्या हाताला लागली होती. कंबर चौतीसची तीस झालीय. घामाचं, खाजेचं याची बायको मला सांगत होती. मी बटण सरकवलं आणि गाठ झाकली."

बाईंनी पेन थांबवलं, मास्तरांकडे पाहिलं आणि आधीची ओळ खोडली. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाठ काढली. अहवाल यायला दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत धाकट्याने विषय काढला नाही, आणि मास्तरांना त्याच्या नजरेला नजर देववेना. भावजय दारात आली की ते उगाच मशीनमध्ये तेल घालत बसत.

हॉजकिन निघाला. गळ्यात होता, तिथून छातीत उतरला होता. धाकटा आधी आला असता तर कदाचित आजार गळ्यातच सापडला असता, म्हणजे थोड्या औषधात भागलं असतं, असं बाई विचारल्यावर म्हणाल्या. आता काही महिने केमो घ्यावी लागणार होती, पण बरा होईल अशी त्यांना चांगली आशा होती.

दोघे भाऊ बाहेरच्या बाकावर बसले. मास्तरांनी घसा खाकरला. माफीचे शब्द त्यांनी दहा दिवस घोकले होते. त्याआधी धाकटाच बोलला.

"मला माहीत होतं, दादा. दाढी करताना हाताला लागायची. पण दर मापाला तुझी बोटं तिथूनच जायची, आणि तू काही बोलायचा नाहीस. म्हटलं, वाईट काही असतं तर दादा बोललाच असता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना सोसला असता.