पेशकारकाकांची उमेदवार

पेशकारकाकांनी आयुष्यात कोणालाही माफ केलं नाही. ही निंदा नाही. मी हे कौतुकानं सांगते आहे. हैदराबादेतल्या आमच्या मलकपेठेच्या गल्लीत माफ करणारी माणसं पुष्कळ होती आणि त्यांचं काय झालं ते मी रोज बघत होते. काका म्हणत, "माफ करणं देवाचं काम, पोरी. आपण फक्त तारीख द्यायची." आणि खरोखर ते तारीख देत. कोणी टाकून बोललं की भांडत नसत, आवाज चढवत नसत. नुसते मान हलवत आणि "हौ, बघू की" म्हणून घरी जात. जाणकार लोक त्या "बघू की"ला घाबरून असत.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. आजोबा निजामाच्या कोर्टात पेशकार, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद ठेवणारे. ते नाव घराला चिकटलं ते चिकटलंच. काका स्वतः एका सरकारी दफ्तरातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. एक स्वतः लिहायला, दुसरं कोणी मागितलं तर द्यायला. दुसऱ्यात शाई नसे.

कोठीच्या बाजारातल्या एका पुस्तकवाल्यानं त्यांना कायद्याचं एक गाइड विकलं, त्यात मधली सोळा पानं नव्हती. बदलून दे म्हणाले, तर तो हसला. काका पुढच्या रविवारी त्याच्या दुकानात गेले, त्याच गाइडची दुसरी प्रत उचलली आणि गिऱ्हाइकांच्या वाटेत उभे राहून एक पान वाचलं. एकच. असे सोळा रविवार. पुस्तकवाला सहाव्या रविवारी नवीन प्रत घेऊन पुढे आला होता, "लेलो साब, माफ करो" म्हणत. काका म्हणाले, "नक्को. मेरा बराबर चल रहा है." त्यांच्या पुतण्यानं मुलाच्या मुंजीचं बोलावणं वॉचमनच्या तोंडी पाठवलं होतं. अकरा वर्षांनी काकांनी आपल्या मुलीच्या लग्नाच्या अक्षता त्याला वॉचमनच्याच हाती पाठवल्या. वॉचमन बदलला होता, म्हणून जुन्याला शोधून काढला.

अशा माणसाशी गल्लीनं गोड राहण्याचं एक कारण होतं. गल्लीतला प्रत्येक फॉर्म काका भरत. शाळेचा, रेशनचा, पेन्शनचा, गॅसचा. दरखास्त आधी मराठीत लिहायची, मग तिचं तेलुगू किंवा इंग्रजी करायचं, ही त्यांची रीत. मराठीत राग नीट बसला नाही तर दुसऱ्या भाषेत तो पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं कॉलेज सुरू झाल्यावर इंग्रजी करायचं काम माझ्याकडे आलं. मला धड मराठी वाचता येत नव्हतं. आज जे काही येतं ते त्यांच्या तक्रारींवर पोसलेलं आहे. बाराखडीनंतर मी शिकलेला पहिला मोठा शब्द "हलगर्जीपणा".

त्यांतल्या बहुतेक तक्रारी पाण्याच्या होत्या. गल्लीच्या आमच्या टोकाला नळाला पिवळं पाणी येई आणि त्याला गटाराचा वास असे. कॉलनीचे अध्यक्ष वामनराव. बाजारात त्यांची दोन दुकानं, घरापुढे ग्रॅनाइटच्या पायऱ्या. तक्रार त्यांच्या शिफारशीनं पाणीखात्याकडे जायची, अशी पद्धत. काका बाटलीत पाणी भरून त्यांच्याकडे नेत. वामनराव बाटली ओट्यावर ठेवून घेत, कागद खिशात घालत आणि तो खिशातच राही. रस्ता खोदायचा तर त्यांच्या पायऱ्यांपासून खोदावा लागणार होता. एवढीच अडचण होती.

मग काकूंना कावीळ झाली. तीन आठवडे दवाखान्यात होत्या आणि परत आल्या नाहीत. तेराव्याला वामनराव आले, पानावर बसले, जिलबी दोनदा घेतली आणि हात धुताना म्हणाले, "काकूंचं वयच झालं होतं, काका. पाण्याचं काय घेऊन बसलात." मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होते. काकांनी मान हलवली. "हौ, बघू की," म्हणाले.

दोनेक महिन्यांनी वॉर्ड कमिटीवर नावं मागवल्याची नोटीस लागली. पाणी, कचरा, दिवे यांवर देखरेख करणारी ही कमिटी. तिथे विचारलेल्या प्रश्नाला खात्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. वामनरावांनी स्वतःचं नाव दिलं. कॉलनीच्या बैठकीत ते जाहीर झालं तेव्हा मी उठून विचारलं, की आमच्या टोकाच्या पाण्याच्या तक्रारी पुढे का गेल्या नाहीत? वामनराव प्रेमानं हसले. "बेटा, आधी शिकून मोठी हो. तोवर तेवढा चहा बघ, आला का." सगळे हसले. मी एकोणीस वर्षांची होते आणि मी चहा आणला. हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या घरी आले, चपला न काढता दारातच उभे राहिले आणि आईला म्हणाले, "रेणूचं नाव कमिटीला देतो आहे." आईनं कपाळाला हात लावला. "काका, तिला घरात मीठ कुठे ठेवलंय ते माहीत नाही. ती वॉर्ड काय बघणार?" काका म्हणाले, "मिठाचं तुम्ही बघा. वामनरावाला तरी कुठे माहीत आहे?" आई माझ्याकडे बघून म्हणाली, "पण ती लायक आहे का?" यावर काकांनी मला नीट खालीवर पाहिलं. "नाही," म्हणाले. "लायक कोणीच नसतो. हिला राग येतो. आणि आलेला टिकतो."

मग माझी शिकवणी सुरू झाली. फाइल शेवटून वाचायची, कारण सही शेवटी असते. साहेब "बघतो" म्हणाला तर "कधी" विचारायचं. "करतो" म्हणाला तर "कोण" विचारायचं. ऑफिसात जाताना असतील नसतील ते सगळे कागद न्यायचे. "एक कागद कमी पडला की माणूस कमी पडतो." खरं सांगायचं तर मला हे जमत नव्हतं. मी भडाभडा बोलायची. काका टेबलावर पेन आपटत. "रागावर झाकण ठेव. लोणचं उघडं ठेवलं तर बुरशी येते." कधीकधी मला वाटे, यांना मी नकोच आहे. यांना हवं आहे ते एक शस्त्र, आणि मी फक्त हाताशी सापडले. एकदा तसं तोंडावर म्हटलंही. काकांनी नाकारलं नाही. म्हणाले, "तुलाही वामनराव हवा आहे. मग तक्रार कसली?"

छाननीच्या दिवशी आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वामनराव आधीच येऊन बसले होते. त्यांना गाडीतून घेऊन आलेला त्यांचा मुलगा सुहास मागे उभा होता. सुहासदादा नुकताच सरकारी नोकरीत लागला होता. वामनरावांनी हरकत घेतली, "एकोणीस वर्षांची पोर वॉर्डाचं पाणी बघणार? कॉर्पोरेटर व्हायला एकवीस लागतात." टेबलामागच्या मॅडम तेलुगू होत्या, शांत होत्या. "वो कार्पोरेटर के वास्ते साब. कमिटी को वोटर रहे तो बस." काका नुसते छताकडे बघत होते. ही हरकत येणार हे त्यांना महिनाभर आधी माहीत होतं आणि तिची ते वाटच बघत होते. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

वामनराव मात्र उठले नाहीत. हळूच म्हणाले, "मॅडम, उसका दसवीं का मेमो देखो जरा."

सरकारी नोकरीवाल्या आमच्या घरांमधली एक जुनी रीत इथं सांगायला हवी. मूल शाळेत घालताना त्याचं वय दोन वर्षं कमी लावायचं, म्हणजे पुढे नोकरीची दोन वर्षं वाढतात. नोकरी लागेल की नाही, पोर सरकारात जाईल की नाही, हे कोण बघतो? आमच्या गल्लीत प्रत्येकाला दोन वाढदिवस, एक औक्षणाचा आणि एक शाळेचा. हे इतकं सवयीचं, की ती चूक आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. माझी मतदार नोंदणी आईनं दवाखान्याच्या जन्मदाखल्यावर केली होती. दहावीच्या मेमोवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, शाळेची तारीख होती. आणि मेमो माझ्याजवळ होता, कारण काकांनी सगळे कागद न्यायला शिकवलं होतं.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मतदार यादीत एकोणीस, मेमोवर सतरा. "दो-दो उमरां नहीं चलते, अम्मा," त्या मला म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, पण नावावर रेघ मारली.

वामनराव काकांकडे वळून गोड आवाजात म्हणाले, "शाळेचा फॉर्म तुम्हीच भरला होता ना, काका?" काकांनी मेमो हातात घेतला आणि कितीतरी वेळ त्या तारखेकडे बघत राहिले. त्यांना आठवत नव्हतं. गल्लीतल्या किती पोरांचे फॉर्म भरले, कोणाची किती वर्षं कमी केली, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. एकही अपमान न विसरणाऱ्या या माणसाला आपण केलेला एकही उपकार लक्षात नव्हता.

माझ्या रागावरचं झाकण उडालं. मी ओरडले, "मग सुहासदादाचा पण मेमो बघा ना! त्याचाही फॉर्म यांनीच भरलाय! नोकरी कुठल्या वयावर लागली ते विचारा!" सुहासदादाचा चेहरा पांढराफटक पडला. वामनरावांचं हसू गेलं. दोन शब्दांत सगळं उलटलं असतं. काकांनी फक्त "हौ, भरलाय" म्हणायचं होतं. काकांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मॅडमना म्हणाले, "बच्ची है. गुस्से में बोली. छोड दो." बाहेर आल्यावर मी रडत म्हणाले, का सोडलंत? काका रस्त्याकडे बघत होते. "वामन्याचा हिशेब वामन्याशी. पोराचं नाव घ्यायचं नाही," म्हणाले. मग म्हणाले, "तुझी दोन वर्षं मी खाल्ली, रेणूबाई." मला रेणूबाई म्हणालेले ते पहिल्यांदाच. मला तेव्हा त्यांचाही राग आला होता.

पुढचं आधीच सांगून टाकते. आज माझं वय कागदांवर एकच आहे. ते दुरुस्त करून घ्यायला दीड वर्ष लागलं. आज मी त्या कमिटीवर आहे. पाण्याचा पाइप बदलला. खोदकाम ग्रॅनाइटच्या पायऱ्यांपासून सुरू झालं, आणि ते तिथूनच सुरू व्हावं हे मी लेखी मागितलं होतं. पण हे बघायला काका नव्हते. छाननीनंतर चार महिन्यांनी, संक्रांतीच्या आसपास, ते दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

त्यांची मुलगी पुण्याहून यायची होती. ती येईपर्यंत सगळं वामनरावांनी हातात घेतलं. फोन केले, गाडी बोलावली, गुरुजी बोलावले, दारात खुर्च्या मांडल्या. "आमच्या कॉलनीचा आधार गेला," असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. ताई आली, तिला काही सुचत नव्हतं, ती काकांच्या पायाशी बसून राहिली. उचलायची वेळ झाली तेव्हा वामनराव शर्टाच्या बाह्या सारून पुढे उजव्या बाजूला येऊन उभे राहिले.

मी मध्ये गेले. मला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनीही नाही. "तुम्ही खांदा द्यायचा नाही," मी म्हणाले.

आईनं मागून माझी ओढणी ओढली. वामनराव आधी समजुतीनं म्हणाले, "बेटा, ही वेळ नाही." मी हलले नाही. मग त्यांचा आवाज चढला. "तू कोण मला सांगणारी? वय काय तुझं?"

"कोणतं सांगू?" मी म्हणाले. "दोन आहेत."

कोणी हसलं नाही. सभोवती उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला दोन वयं होती, आणि दुसरं देणारा माणूस खाली तिरडीवर पडलेला होता. मी ताईकडे पाहिलं. वामनरावांकडे बघून तिनं मान वळवली. तरी वामनराव वाकलेच. त्यांचा हात बांबूला लागतो न लागतो तोच सुहासदादा गर्दीतून पुढे आला. त्यानं वडिलांचा हात मनगटापाशी धरला, बांबूवरून काढला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही राहू द्या." आणि त्यांच्या जागी तो स्वतः उभा राहिला.

काकांना उचललं. मी आणि ताई मागून चालू लागलो. सगळी गल्ली निघाली. वामनरावांना कोणी चला म्हणालं नाही, आणि न बोलावता यायची त्यांची हिंमत झाली नाही. कोपऱ्यावर मी मागे वळून पाहिलं. त्यांनीच मांडलेल्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये ते एकटे उभे होते. चार पावलं गेल्यावर मी पुन्हा वळून पाहिलं. दुसऱ्यांदा केवळ सुखासाठी.