रुमालाखालचा हात

अमेरिकेत लढाई जुंपली आणि अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांत मी बाजारात दलाली करत होतो. आमचा सौदा न बोलता चाले. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची, म्हणजे भाव तिसऱ्याला कळत नसे.

एक पन्नाशीचा माणूस रोज कापसाच्या गाठींच्या आडोशाला येऊन बसे. हात रुमालाखाली, ओठ हलताहेत. मला वाटलं, गिऱ्हाईक शोधतोय. एका सकाळी मी सरळ त्याच्या रुमालाखाली हात घातला आणि भावाची बोटं दाबली.

तो दचकला. मग ओशाळून म्हणाला, "मी सौदा नाही करून राहिलो, भाऊ. इंग्रजी शिकून राहिलो. सायबाच्या कचेरीत नोकरी पायजे. 'अफ्रेड'संगं 'ऑफ' लागते, 'अँग्री'संगं 'विथ'. ध्यानात राहत नाही, म्हणून एकेका बोटाले एकेक शब्द वाटून देला."

"मग घरी बसून घोका की! इथं कशाला?"

"घरी कोणाचा आवाजच नाही."

भर बाजारात फजिती झालेली. मी चिडून हात काढू लागलो, तर त्याने तो हळूच धरून ठेवला.

"राहू द्या जरासा," तो म्हणाला. "कोणी हात धरून लय वर्सं झाले."

माझं गिऱ्हाईक समोरून दुसऱ्याकडे गेलं. मी तसाच बसलो आणि एकेक बोट दाबत त्याच्याकडून शब्द म्हणवून घेतले. आजूबाजूचे दलाल टक लावून बघत होते. एवढा वेळ हात रुमालाखाली, म्हणजे सौदा मोठाच असणार!