कडूबाच्या मंगलाष्टकातले लांबचे पाहुणे

पुंडलिकनगरच्या कडूबाची मंगलाष्टकं म्हणजे चालीत म्हटलेली नातेवाइकांची हजेरी. ज्याचं नाव राहिलं, तो पंगतीत पापडही मोडत नाही. कडूबा या कामाचा रुपया घेत नाही. बोलणी तेवढी खातो.

यंदा शहागंजात लग्नपत्रिका छापणाऱ्या आबेदा नावाच्या पोरीनं त्याच्या लॅपटॉपात लिहायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं.

"किती द्यायचे?"

"फुकट आहे, चाचा."

"मग खोट असणार," म्हणत कडूबा ते संशयानं वापरू लागला.

सुलेखाच्या लग्नादिवशी सकाळी तो प्रिंट काढायला आबेदाच्या दुकानात बसला होता. मोठ्या मामाचा फोन आला: माझं नाव धाकट्याच्या आधी पाहिजे. कडूबानं ओळ उचलून वर ठेवली. मग धाकट्याला स्वतंत्र कडवं हवं झालं. नवरदेवाच्या आत्याला यमक पसंत पडेना. सगळ्यांचं मन राखून कडूबानं वरून खाली वाचलं आणि त्याचा चेहराच उतरला. या उचलठेवीत पारूबाईचं कडवं गेलं होतं.

पारूबाई सुलेखाची आजी. आईवेगळी नात तिनंच वाढवली. "माझं नाव खरंच घेशील ना रं?" असं ती कालही विचारून गेली होती. आणि ते कडवं आता काही केल्या आठवेना.

"फुकटच्यानं खाल्लं बघ," कडूबा म्हणाला.

"तुम्हीच पुसलं असंल. कंट्रोल धरा, झेड दाबा. दाबत राहा."

त्यानं दाबलं. आत्याचं जुनं यमक परतलं. धाकट्याचं कडवं नाहीसं झालं. मोठा मामा जन्मात पहिल्यांदा मुकाट्यानं खाली उतरला. आणि मधोमध पारूबाई उगवली, जशीच्या तशी. कडूबानं स्क्रीनला हात जोडले.

आबेदानं ते कडवं उचलून घेतलं, मामांना पुन्हा आपापल्या जागी चढवलं आणि पारूबाईला सगळ्यांच्या वर बसवलं.

"कुणी केलं गं हे सॉफ्टवेअर?" कडूबानं हळूच विचारलं.

"जगभरच्या लोकांनी मिळून. कितीतरी जण पैसेही घेत नाहीत."

"माझ्यासारखेच येडे. नावं सांग त्यांची, एक कडवं टाकतो."

"हजारो आहेत, चाचा."

इतके मामा कडूबानं कधी ऐकले नव्हते.

संध्याकाळी मांडवात नाव आलं तशी पारूबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि अक्षता टाकायचीच विसरली. शेवटी कडूबानं कागदावर नसलेली एक ओळ म्हटली: ज्यांची नावं ठाऊक नाहीत, त्यांचाही आशीर्वाद असो.

"हे कोण?" मोठ्या मामानं लगेच विचारलं. "मुलीकडचे का मुलाकडचे?"

"दोन्हीकडचे," कडूबा म्हणाला. "लई लांब राहतात."