पंगतीत न बसलेला माणूस

आमच्या अप्पांना पंगतीत बसलेलं मी कधी पाहिलं नाही, पाहिलं ते वाढतानाच. पँटचे पाय दुमडलेले, खांद्यावर टॉवेल, हातात हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं पातेलं आणि तोंडाने अखंड आग्रह. "पावणं, एवढ्यानं काय व्हतंय? घ्या की." समोरचा नको नको म्हणत पत्रावळीवर हात आडवा धरायचा, तर अप्पा बोटांच्या फटीतून वाढायचे.

नाव गुरुसिद्ध. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीसमोर जन्म काढला. पाळी सुटली की माणसाने घरी यावं, पाय पसरावेत. हे मात्र कुणाच्या तरी बारशाला, नाहीतर साखरपुड्याला. ओळख किती, तर एसटीत शेजारी बसला होता एवढी. नेसरीच्या एका गृहस्थाशी अशीच बसमध्ये गाठ पडली आणि त्याच्या मुलीच्या लग्नात अप्पा आदल्या दिवसापासून मुक्कामाला. तिथे नवरीच्या मामापेक्षा यांनाच जास्त लोक ओळखत होते.

बुफेवर त्यांचा भारी राग. "हातात ताट घिऊन रांगेत हुबं ऱ्हायाचं, ह्याला काय जेवाण म्हंत्यात?"

या सगळ्यात भरडली जायची माझी आई, बसम्मा. आम्ही तिला अव्वा म्हणतो. तिची मागणी अगदी लहान होती. नवऱ्याने एकदा तरी शेजारी बसून पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जेवावं. पण स्वतःच्या लग्नातसुद्धा हे गृहस्थ नवरीशेजारच्या ताटावरून उठले, कारण पलीकडच्या रांगेत मठ्ठा पोचला नव्हता. हळदीच्या अंगाने, मुंडावळ्यांसकट वाढत सुटले. अप्पा ही गोष्ट रंगवून सांगायचे. अव्वाही हसायची, पण तिचं हसू लवकर संपायचं. घरी तरी काय वेगळं होतं? दारात कुणी हाक मारली की ताट तिथेच.

मला संताप यायचा. म्हणून त्यांच्या साठीला मी चंगच बांधला. हॉलमध्ये पंगतीच्या सुरुवातीला दोन पाट मांडले, भोवती रांगोळी काढली, भाऊ श्रीशैलला राखणीला उभं केलं. अव्वाने ठेवणीतलं इरकल नेसलं. अप्पा बसले. दोन घास झाले असतील नसतील, पंगतीच्या टोकाकडून आवाज आला, "अप्पा, भात कमी पडतोय." श्रीशैल म्हणाला, "मी बघतो." तोवर अप्पा उठलेसुद्धा. "आलोच," म्हणाले. त्यांचं ते 'आलोच' आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

अव्वाने त्यांच्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि आपलं जेवण संपवलं. मी चिडून बोलले, तेव्हा म्हणाली, "जाऊ दे गं सुष्मे. लोकांचं पोट भरलं की त्यांचं भरतंय." तिचं कशाने भरतं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी अप्पा गेले. चहा पीत होते, तोही उभ्यानेच.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात आणि तसंच बसलेलं समाधीला नेतात. लहानपणापासून बघितलेली रीत. पण बाहेरच्या सोप्यात अप्पांना असं बसवलेलं मी बघतच राहिले. इतके निवांत ते कधी बसलेच नव्हते.

अव्वा आतून आली. बायकांनी तिला आपल्यात ओढलं, पण ती थांबली नाही. सरळ अप्पांच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

माणसं लोटली. गल्लीतली, फाउंड्रीतली, पार नेसरीचीसुद्धा. अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. तेवढ्यात मागून एक म्हातारा म्हणाला, "अरं, जरा पाणी द्या रं कुणीतरी."

आणि आम्ही सगळ्यांनी अप्पांकडे बघितलं. सवयच होती तशी.

मग कुणीतरी हुंदका दिला, आणि पाण्याची कळशी घ्यायला मी उठले. अंगणभर पाणी देत फिरले. आग्रह काही मला जमला नाही.

परत आले तेव्हा समाधीला न्यायची वेळ झाली होती. चौघे जण अप्पांना उचलायला वाकले. अव्वाने त्यांच्या मांडीवर हात ठेवला.

"जरा थांबा की," ती म्हणाली. "आत्ता तर बसल्यात."