डब्यावरचा सोनेरी ठप्पा

आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत नुसती खिडकी उघडी ठेवली तरी किस्से घरात येऊन बसतात. मी कान लावत नाही, भिंतीच पातळ आहेत. त्या दिवशी नळावर दोघी बोलत होत्या, "बमरोलीच्या विहिणीनं डबा उघडला, साडीचा पदर हातात घेतला, अन् बघते तर…" नेमकी तेवढ्यात पाण्याची मोटर सुरू झाली.

मोटर बंद होईपर्यंत पुढचं गल्लीनंच जोडून टाकलं. समोरच्या सविताच्या मनीषाचं लग्न मोडलं म्हणे.

मी खिडकी लावून घेतली. कारण डबा माझा होता.

*

डब्याचं आधी सांगते. ह्यांच्या शेठाणीनं एकदा मला जुने उशांचे अभ्रे दिले, ते या डब्यात घालून. मरून मखमलीचा डबा, झाकणावर मोठ्या शोरूमचा सोनेरी ठप्पा. अभ्रे पहिल्याच धुण्यात फाटले. डबा राहिला.

आमच्याकडे सगळ्यांच्या साड्या ओळखीनं मिलमधून येतात, प्लास्टिकच्या पिशवीत. पण साखरपुड्यात विहिणीला मानाची साडी पिशवीतून कशी द्यायची? एकीनं डबा मागून नेला, मग दुसरीनं. आजवर साड्या बदलल्या, विहिणी बदलल्या, डबा तोच.

*

एकदा नंदुरबारच्या पाहुण्यांनी तो ठेवूनच घेतला. आणायला मलाच जावं लागलं. दिलेला डबा परत मागायचा कसा? तोंडातून निघून गेलं, "आमच्यात डबा पाच सुपाऱ्या घालून माहेरी परत येतो. शकुन असतो."

पाहुण्यांनी डब्याला हळदकुंकू लावून तो परत दिला. तेव्हापासून प्रत्येक विहिणीला आम्ही हेच सांगतो. परवा कोपऱ्यावरच्या आजी नव्या सुनेला समजावत होत्या, "हा रिवाज माझ्या पणजीपासूनचा आहे."

मी मान डोलावली. वडीलधाऱ्या माणसाला खोटं कशाला पाडा?

*

आमचे हे पलसाण्याला मिलमध्ये पॅकिंगला आहेत. एकदा मी त्यांचा जेवणाचा डबा द्यायला गेले, तर एकाच ताग्याच्या साड्यांचे तीन ढीग आणि तीन वेगवेगळी लेबलं.

"यातली भारी कुठली?" मी विचारलं.

"लेबल चिकटवल्यावर सांगतो," हे म्हणाले.

*

गल्लीत वर्षा मॅडम इंग्लिशची ट्यूशन घेतात. डबा बघून म्हणाल्या, "काकू, याला कॅशे आहे हं."

मला वाटलं बुरशी लागली. मी पदरानं पुसायला लागले.

"तसं नाही हो. कॅशे म्हणजे मान, वजन. फ्रेंच शब्द आहे. मुळात अर्थ दाबणे. मग लाखेवर दाबलेली मोहोर म्हणजे कॅशे. पुढे ज्याच्यावर मोहोर, त्याचा मान."

"आणि आत काय आहे ते कोण बघायचं?"

"मोहोर असल्यावर कोण बघतं? आता तर तिकडे दाबणे म्हणणाऱ्या त्या मूळ शब्दाचा अर्थच लपवणे झालाय. कडू औषधाची पूड गिळता यावी म्हणून वरून पापडी लावायचे, तिलाही कॅशेच म्हणायचे."

शेजारी बसलेली सविता म्हणाली, "म्हणजे आमच्या ह्यांना मी सफारी घालून साखरपुड्याला नेते, तसंच ना?"

*

तीच सविता आता माझ्या ओट्यावर बसून रडत होती. साखरपुड्याला आठ दिवस झाले, डबा परत आला नव्हता. "शोरूमची म्हणून सांगितली हो वहिनी मी. माय वं, मन्ही पोरनं आते काय हुई?"

म्हटलं, रडून कळणार नाही, चल. रिक्षानं बमरोली गाठली. रस्ताभर सविता माफीचे शब्द जुळवत होती.

विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला आणि कपाटातून तीच साडी काढून आमच्यासमोर पसरली. सवितानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पदर हातात घेतला अन् ओळखला मी," विहीणबाई म्हणाल्या. "हे खडे मीच चिकटवलेत. घरी आणून करते मी हे काम. हा बघा, हिरव्याच्या जागी गुलाबी लागलाय, तोही माझाच."

सविता खाली बघत म्हणाली, "मग आता?"

"मग काय? लग्नात हीच नेसणार. फक्त धुणार नाही." मग चहा गाळता गाळता त्यांनी विचारलं, "मनीषाला का नाही आणलं?"

सविता परत रडायला लागली, पण आता रडणं वेगळं होतं. तिचं आवरेपर्यंत मी थांबले. मग माझ्याच्यानं राहवेना.

"आणि डबा?"

विहीणबाई कपबशा सरळ करत राहिल्या.

"डबा काल आमच्या गल्लीत एका साखरपुड्याला गेलाय. पण काळजी करू नका. पाच सुपाऱ्या घालून परत द्या म्हटलंय त्यांना. आमच्यात तसा रिवाज आहे."