टिटवीजवळचा थांबा

उत्तमराव एसटीत कंडक्टर होते, अकोला-अचलपूर गाडीवर. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कंडक्टरकी काही सुटली नाही. फाल्गुन-चैत्रात दर रविवारी सकाळी ते आम्हा जठारपेठेतल्या मंडळींना गावाबाहेरच्या तलावाकडे पाखरं आणि रानफुलं दाखवायला न्यायचे. न्यायचे म्हणजे गाडीच सोडायचे. "पुढं सरका, मांगच्याले दिसू द्या," हे पळसाखालीसुद्धा चालायचं. काटेरिंगणीचं जांभळं फूल असो की तारेवरचा चास पक्षी, शेवटच्या माणसाने पाहिल्याशिवाय ते "डबल" म्हणत नसत. डबल म्हणजे दोनदा घंटी, गाडी चालू. अख्ख्या नोकरीत एकही पॅसिंजर मागे सोडला नाही, ही त्यांची शेखी. आम्ही थट्टा करायचो, पण थांबायचोही.

मागच्या चैत्रात वच्छलाबाई, म्हणजे त्यांची बायको, पहिल्यांदा आल्या. गुडघे धरलेले, त्यामुळे पार मागे राहिल्या. इकडे पडीक रानात आम्हाला टिटवीची अंडी सापडली, उघड्या जमिनीवर, खड्यांतच ठेवलेली. उत्तमरावांनी एकेकाला पुढे घेतलं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती आणि आम्ही शहाणे तिचे फोटो काढत होतो. सगळ्यांचं पाहून झालं, तसं कोणीतरी निघू या म्हणालं.

"थांबा ना बाप्पा. घरची सवारी मांगं हाये."

ऊन चढत होतं. अकोल्याचं चैत्रातलं ऊन, भुईवर अनवाणी पाय ठेववत नाही. वच्छलाबाई पोचल्या तेव्हा त्यांनी आधी वर पाहिलं.

"अवो, ते पाखरू काहून बोंबलून राह्यलं? त्याले बसू द्या. चाला."

"तू पाह्य तं पहिले. तुह्यासाठीच थांबवलं सगळ्याइले."

त्या कशाबशा वाकल्या. मग उत्तमराव रंगात आले. टिटवी भर उन्हात अंड्यांवर सावली कशी धरते, पाण्यात पोट भिजवून येऊन अंडी गार कशी ठेवते, सगळं त्यांनी समजावून सांगितलं. सांगितलं ते तिथंच उभं राहून.

पुढे ते रोज एकटेच जाऊन लांबून बघायचे. टिटवी बसत राहिली. पिल्लं निघायचे दिवस टळून गेले, तरी बसत राहिली. मग एक दिवस उठली ती परत आलीच नाही. अंडी तशीच पडून होती.

मी त्यांची समजूत घालायला गेलो. म्हटलं, कधीकधी अंडी वांझोटी निघतात.

"मले मालूम होतं ना," ते म्हणाले. "तोंडानं सांगून राह्यलो होतो का उन्हात अंडे शिजतेत, अन् पाय तिथंच रोवलेले. म्याच शिजवले ते."

त्यांनी रविवारचं फिरणं बंद केलं. संध्याकाळी अंगणात बसलेले असताना टिटवीचा आवाज आला की उठून आत जायचे. माणूस अपराधाच्या भावनेनं इतका खचतो हे मला खरं वाटत नव्हतं. एका पाखरापायी एवढं काय, असं मी बोलूनही दाखवलं, आणि त्याची मला आता लाज वाटते.

यंदा वच्छलाबाईंनीच त्यांना बाहेर काढलं. स्वतःही आल्या. तलावाच्या अलीकडे टिटवी उठली आणि ओरडायला लागली. उत्तमराव एक पाऊल थबकले. त्यांची नजर जमिनीवरून झरझर फिरली.

"डबल," ते म्हणाले.

"काका, मागे माणसं आहेत अजून," एक नवी मुलगी म्हणाली. "त्यांना दाखवायचं नाही का?"

"येतीन ते दुसऱ्या वाटेनं. चाला."

आम्हाला पुढे घालवून ते मागे वळले, वच्छलाबाईंचा हात धरला आणि मागच्या सगळ्यांनाच तलावाच्या कडेकडेने लांबून आणलं.

"काय होतं तिथं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"काई नाई."

टिटवी खाली उतरली आणि गप्प झाली. वच्छलाबाई थोडं चालल्या, मग हळूच म्हणाल्या, "मांगच्या साली तुमी असंच चालले असते तं."

उत्तमरावांनी हात सोडला नाही. "हो," म्हणाले.